फटफटी आणि पेटी

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या मनुष्याने उर्वरित आयुष्याचे काय करावे, यासंबंधी सरकारने जरी कोणतेही परिपत्रक काढलेले नसले, तरी समाजाने आपल्यापुरता एक अलिखित हुकूमनामा केव्हाच जारी करून ठेवला असून, त्यातील कलमांप्रमाणे अशा इसमाने पहाटे उठून फिरावयास जावे, दुपारी वर्तमानपत्रातील निधनवार्तांवरून समवयस्कांची रुजवात घ्यावी, सायंकाळी देवळाच्या पारावर बसून नव्या पिढीविषयी खेद प्रकट करावा, आणि रात्री लवकर जेवून कोणाच्या अध्यात ना मध्यात असे निजून जावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. खेडच्या तालुका कचेरीत अव्वल कारकुनीपर्यंत मजल मारून मी लोट्यास स्थायिक झालो, तेव्हा या कलमांची अंमलबजावणी करण्यास माझी वस्तुतः काहीच हरकत नव्हती. परंतु माझ्या वेळेवर दोन जुन्या कुळांचा वहिवाटीचा हक्क फार वर्षांपूर्वीच शाबीत झालेला होता. पैकी एक कूळ ओसरीच्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली उभे असते. ती साडेतीनशे सी.सी.ची बुलेट. दुसरे माजघरात कोनाड्याखाली जुन्या लुगड्यात गुंडाळून बसलेले असते. ती वडिलांच्या हातची पेटी. या दोघींना बेदखल करण्याचे प्रयत्न घरातून आणि घराबाहेरून वेळोवेळी झाले. ते सर्व दावे खर्चासह फेटाळण्यात आले.

पेटीविषयी गावाचे मत चांगले आहे, कारण ती भजनात वाजते, आणि भजनात वाजणाऱ्या वस्तूला नावे ठेवण्याची कोकणात पद्धत नाही. फटफटीचे तसे नाही. सत्तरी ओलांडलेला, डोक्यावर मोजके केस उरलेला, अंगात पँट असली तरी वृत्तीने धोतरातलाच, असा गृहस्थ किकवर उभा राहिलेला दिसला, की रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आपल्याला त्याच्या प्रकृतीचा विश्वस्त नेमल्याप्रमाणे थबकतो. "काका, आता एखादी बटणाची स्कूटर घ्या," असे सांगणाऱ्यांत ज्यांना स्वतःला बटण दाबूनही वेळेवर कामावर पोहोचता येत नाही असे तरुण पुष्कळ असतात. आमच्या कुटुंबाचा आक्षेप अधिक मुद्देसूद आहे. "अहो, पेटी वाजवता तेव्हा शेजारी ऐकतात आणि फटफटी वाजवता तेव्हा शेजारी उठतात," असे तिने एकदा सांगितले, आणि इतक्या थोड्या शब्दांत इतका सप्रमाण निवाडा मी मामलेदारांच्या दालनातही कधी ऐकला नव्हता.

या दोघींची वंशावळ काढू गेल्यास दोघीही परमुलखातल्या निघतात. पेटीचा जन्म पॅरिसचा. अलेक्सांद्र देबां नामक कारागिराने १८४२ साली तिचे पेटंट घेतले, तेव्हा ती खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी भाता मारीत वाजवावयाची वस्तू होती; आपल्याकडे आल्यावर, मांडी घालून बसणाऱ्या लोकांत खुर्चीचे काय प्रयोजन, असा पोक्त विचार करून कलकत्त्याच्या कारागिरांनी तिचे पाय काढून घेतले, भाता पाठीमागे बसविला, आणि एका हाताने वारा घालीत दुसऱ्याने वाजविता येईल अशा बेताने तिला बैठकीत आणून बसविले. तिचे पाय शाबूत राहिले ते संगीत नाटकांतून, जिथे पायपेटीवाचून पडदा उघडत नसे. पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला चक्क हद्दपार केले. आरोप असा की तिचे बारा सूर जागच्या जागी खिळलेले, त्यांत ना मींड ना श्रुती, तस्मात् हिंदुस्थानी गळ्याच्या साथीस ती नालायक. आरोपात तथ्य होते, हे मी पेटी वाजविणारा असूनही कबूल करतो. तथापि ही बंदी सैल व्हावयास जी तीस वर्षे लागली, त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातील देऊळ, तमाशाचा फड, शाळेचे स्नेहसंमेलन आणि गणपतीची आरती यांपैकी एकही ठिकाण तिच्यावाचून अडून राहिले नाही, कारण या सर्वांनी तो हुकूम वाचलेलाच नव्हता. सरकारी हुकुमाची तामिली खाली कशी होते याचा अनुभव ज्याने कचेरीत घेतला आहे, त्याला यात नवल वाटावयाचे नाही.

बुलेटची हकिगत याहून चमत्कारिक. इंग्लंडातील रेडिच गावच्या रॉयल एन्फील्ड कंपनीने १९३२ साली हे नाव प्रथम वापरले. स्वातंत्र्यानंतर सीमेवरील गस्तीकरिता आपल्या सैन्याने ही गाडी पसंत केली आणि १९५५ साली मद्रासेस एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली. (त्याच वर्षीच्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, एकाच वर्षात देशाला इतके मिळाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही.) आरंभी विलायतेहून भाग आणून येथे जोडीत; मग भागही येथेच होऊ लागले. इकडे हे चालले असता तिकडे मूळ कंपनीचा व्याप आटत गेला आणि १९७०च्या सुमारास तिने डोळे मिटले. आणि १९७७ साली मद्रासेहून विलायतेस बुलेट निर्यात होऊ लागल्या. माहेर बुडाले म्हणून लेकीने सासरहून डबा पाठवावा, तशातला तो प्रकार झाला.

एकटी बुलेटच नव्हे, त्या काळचा कोकणातील कोणताही रस्ता म्हणजे राष्ट्रसंघाचे अधिवेशन असे. म्हैसूरची जावा मुळात प्रागची, एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या नमुन्यावर बेतलेली, आणि बजाजची पहिली स्कूटर इटलीच्या परवान्यावर आकुर्डीत तयार होणारी. चेकोस्लोव्हाकिया नकाशावर कोठे आहे हे आमच्या इयत्तेतील निम्म्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकातून कळले नव्हते. जावाची किकच पुढे पाडून तिचाच गिअर कसा करतात हे मात्र ती मुले झोपेतही सांगत. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, आणि मुलीच्या लग्नात द्यावयाची स्कूटर नातवाच्या मुंजीला हाती येते की काय, अशी धास्ती सासऱ्यांना वाटे. १९७३ साली 'बॉबी' चित्रपटात ऋषी कपूरच्या हाताखाली जी बुटकी राजदूत दिसली, तिने आमच्या वयाच्या कित्येक सभ्य मुलांची झोप उडविली. माझी बुलेट मला आली ती मात्र चित्रपटातून नव्हे, तालुक्यातीलच एका निवृत्त सुभेदारांकडून, आणि त्यांना ती मिळाली होती लष्करी लिलावात. तिच्या टाकीवरील काळा रंग कोठे खरवडला तर खालून अद्याप लष्करी हिरवा डोकावतो. सुभेदारांनी गाडी देताना कागदपत्रांबरोबर एकच अट घातली होती : "हिला कधी ढकलून सुरू करू नका; अपमान सहन होत नाही तिला."

ती सुरू कशी करावयाची, हे थोडे तपशीलवार सांगणे भाग आहे, कारण बटणावर वाढलेल्या पिढीस ही विद्या दंतकथेसारखी वाटण्याचा संभव आहे. प्रथम पेट्रोलचा कॉक उघडावा. हवेत गारठा असल्यास चोक ओढावा. किल्ली फिरवावी, आणि दिव्याच्या टोपीवर बसविलेल्या अँपिअरच्या इवल्याशा घड्याळाकडे दृष्टी लावून किक चवड्याने हलकेच दाबीत न्यावी. काटा डावीकडे कललेला असतो. तो मध्यावर येऊन स्थिरावला की थांबावे, डाव्या मुठीजवळचा डीकम्प्रेशनचा खटका ओढून पिस्टन माथ्याच्या किंचित पलीकडे सरकवावा, खटका सोडावा, किक पुरी वर येऊ द्यावी, आणि मग शरीराचा सगळा भार, परंतु मनातला राग वगळून, तिच्यावर टाकावा. राग वगळणे महत्त्वाचे. मनात राग ठेवून मारलेली किक उलटते, आणि उलटलेल्या किकेचा प्रसाद नडगीवर ज्याला मिळाला आहे तो पुढे आठवडाभर घरातील मंडळींशी अत्यंत नम्रतेने वागतो. हे सर्व यथासांग झाले म्हणजे आत कोठे तरी खोल एक ठोका पडतो, मग जरा विचार केल्यासारखी शांतता, मग दुसरा, आणि थोड्याच वेळात पत्र्याच्या छपरापासून माजघरातील फडताळातल्या कपबश्यांपर्यंत सर्वांना विषय समजतो. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. पुढे कंपनीने जगरहाटीप्रमाणे गिअर डावीकडे नेला, आणि अलीकडच्या गाड्यांतून तर किकच काढून टाकली. माझे एक स्नेही नवी बुलेट घेऊन दाखवावयास आले, तेव्हा मी तिला सर्व बाजूंनी प्रदक्षिणा घालून किक शोधीत होतो, आणि ते बिचारे मी गाडीचे कौतुक करीत आहे असे समजून प्रसन्न मुद्रेने उभे होते.

१९८५ साली हिरो होंडाची शंभर सी.सी.ची गाडी आली आणि तिच्यापाठोपाठ जी जाहिरात आली, तिने माझ्या मनास जो धक्का दिला तो अद्याप ओसरलेला नाही. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची ती जाहिरात होती. गाडी उत्तम होती, याविषयी दुमत नाही. लिटरभर पेट्रोलात ती इतकी लांब जाई की तलाठ्यापासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांनी ती घेतली आणि पेट्रोलपंपावरील आमच्या ओळखी हळूहळू पातळ झाल्या. माझी तक्रार तिच्या विसरण्याविषयी आहे. विसरावयाचीच तर घ्यावयाची कशाला? माझी बुलेट मला एक दिवसही आपला विसर पडू देत नाही. टॅपेट कधी सैल होऊन कडकडतात, कधी घट्ट होऊन गाडी आचके देते. पॉइंटवर काजळी धरते. प्लग काळा पडला म्हणजे मिश्रण घट्ट आहे आणि पांढरा पडला म्हणजे पातळ आहे, हे तिचे तिने सांगितल्यावाचून राहत नाही. आणि खाली जमिनीवर रोज सकाळी तेलाचा एक ठिपका पाडून ती आपली हजेरी लावते. जाणकार म्हणतात की ठिपका पडेनासा झाला तर समजावे, आत तेलच उरलेले नाही.

संगीताच्या बाबतीतही असेच झाले आहे, असे माझे ठाम मत आहे. आमच्या लहानपणी गाणे ऐकणे ही एक जबाबदारीची बाब होती. रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे. फटफटीलाही परवाना, चालविणाऱ्यालाही परवाना. एकट्या पेटीला तेवढा परवाना नव्हता, आणि म्हणूनच की काय, घराघरांतून ती मन मानेल तशी वाजविली जाई. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे, तेव्हा अमीन सायानींचा आवाज समुद्रावरून येताना मध्येच भरतीसारखा चढे आणि ओहोटीसारखा विरे, आणि तो विरला की वडील माणूस उठून सुई केसभर इकडे-तिकडे करी, बाकीची मंडळी श्वास रोखून बसत. ज्या गाण्याचा अर्धा अंतरा खरखरीत बुडाला, तो आम्ही मनाने पुरा करीत असू. आता माझ्या नातवाच्या कानात सकाळपासून दोन पांढरी बोंडे असतात. जेवताना एकदा मी त्याला विचारले, "बाळ, कोणते गाणे ऐकतोस?" तो म्हणाला, "माहीत नाही आजोबा, चालू आहे." गाणे चालू आहे आणि ऐकणारा त्याला विसरला आहे, होंडावाल्यांची जाहिरात अखेर पेट्रोलच्या टाकीतून कानापर्यंत येऊन पोहोचली.

लोटे हे गाव ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्या माहितीकरिता नमूद करतो, की मुंबई-गोवा महामार्गावर खेड आणि चिपळूण यांच्या दरम्यान, परशुराम घाटाच्या माथ्याकडील अंगास ते वसले आहे. परशुरामाने बाण मारून समुद्र हटविला आणि ही भूमी निर्माण केली, अशी कथा; त्याच भूमीवर पुढे औद्योगिक महामंडळाने रासायनिक कारखान्यांची वसाहत उभारली, यात परशुरामाची काही अनुमती घेण्यात आली होती असे दप्तरावरून दिसत नाही. मोटारीतून जाणारे लोक लोटे वासाने ओळखतात आणि काचा वर करतात. फटफटीवाल्यास काच नसल्यामुळे गावाचा परिचय त्याला पूर्णपणे घडतो. वारा कोणत्या दिशेचा आहे हे आम्हांस वेधशाळेने कळवावे लागत नाही, आणि कोणत्या दिवशी कोणत्या अंगाने कसला दर्प येतो यावर पारावर ज्या चर्चा होतात, त्यांतील घ्राणेंद्रियाची सूक्ष्मता एखाद्या अत्तरवाल्यासही चकित करील. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम तर इतकी वर्षे चालू आहे, की सरकारी नियमाप्रमाणे त्यास एव्हाना निवृत्तिवेतन लागू व्हावयास हवे होते. २०२२च्या उन्हाळ्यात रुंदीकरणासाठी परशुराम घाट दुपारचे काही तास बंद ठेवीत आणि हलकी वाहने चिरणी-आंबडसच्या आडरस्त्याने सोडीत. त्या महिन्याभरात जनतेने फार हाल सोसले असे वर्तमानपत्रांत आले होते. मला चिपळुणास कामे फार निघाली. आंब्याच्या सावल्या, वळणावळणाचा अरुंद रस्ता, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात संथ घुमणारे यंत्र. वाणसामान आणावयाचे म्हणून मी दुपारी बाराच्या ठोक्यालाच का निघतो, हे घरातून विचारण्यात आले तेव्हा मी शासकीय आदेशाकडे बोट दाखविले.

येथील जीवनक्रम कारखान्यांच्या पाळ्यांवर चालतो, आणि त्यापासून देवसुद्धा सुटलेला नाही. आमच्या वाडीच्या भजनी मंडळात बुवा एका शाळेतून निवृत्त झालेले, झांजा वाजविणारे दोघे शेतकरी, पेटीवर मी, आणि पखवाजावर एका कारखान्यातील फिटर. बाकी सर्व मोकळे असल्यामुळे सारा कारभार फिटरच्या पाळीवर ठरतो. त्याची पहिली पाळी असेल तर भजन संध्याकाळी, दुसरी असेल तर रात्री अकरानंतर, आणि तिसरी असेल तर गजर साडेनवाच्या आत आटोपून त्याला गेटवर पाठवावा लागतो. विठ्ठलाची मूर्ती ज्या सबुरीने अठ्ठावीस युगे उभी आहे, ती सबुरी आमच्या मंडळाचे वेळापत्रक पाळताना तिच्या उपयोगी पडत असली पाहिजे. या मनुष्याचा कान विलक्षण आहे. कारखान्यात पंपाचे बेअरिंग बिघडत चालले आहे की नाही हे तो लांब पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकून आणि मूठ कानाच्या हाडाशी लावून सांगतो; आत गोळी खरखरते की नुसतेच ग्रीस संपले आहे, एवढा भेद त्याला त्या पेचकसातून ऐकू येतो. एका गुरुवारी भजन आटोपल्यावर मी त्याला घरापर्यंत सोडावयास निघालो, तर किक मारताच त्याने हात वर केला. "काका, थांबा. बंद नका करू. एक टॅपेट बोलतंय."

मग बॅटरीच्या उजेडात, कपाळावरचा बुक्का तसाच असलेला तो इसम माझ्या गाडीशी उकिडवा बसला आणि डोळे मिटून, पेचकस कानाशी धरून, पखवाज लावताना जसा मंद्रातला दोष शोधावा तसा तिच्या पोटातील दोष शोधू लागला. बुवा, झांजवाले आणि दोन-चार भाविक भोवती उभे राहिले. कोणी बोलेना. "एक्झॉस्टचं," एवढेच तो म्हणाला, आणि गाडी गार झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुशरॉड बोटांनी हलकेच फिरेल आणि वर-खाली मात्र हलणार नाही इतकी ढील ठेवून त्याने ते बसवून दिले. पेटीचा एक सूर कुरकुरत होता तोही मी त्याच बैठकीत त्याला ऐकविला. त्याने झडप उघडून पितळेच्या पातीखाली अडकलेला झुरळाचा पाय चिमट्याने काढला. मजुरी म्हणून त्याने पुढील गुरुवारी बुवांनी ठाय लयीत एक अभंग जास्त घ्यावा, एवढीच मागणी केली, कारण रात्रपाळीच्या आठवड्यात त्याला सगळेच द्रुतात उरकावे लागते.

कानाची अशी तयारी मनुष्यमात्रापुरतीच मर्यादित आहे असे मात्र समजू नये. आमच्या वाडीत मासे घेऊन येणारा गृहस्थ पुष्कळ वर्षे बजाजच्या एम-एटीवर येत असे. पाठीमागे बर्फाचा डबा, पुढे वजनकाटा, आणि मध्ये तो. दोन झटक्यांचे ते इंजिन निळसर धूर सोडीत चढाला लागले, की त्याचा कर्कश, किंचित अनुनासिक आवाज वळणापलीकडून ऐकू येताक्षणी वाडीतील यच्चयावत मांजरे छपरांवरून, माळ्यांवरून, चुलीपाशीच्या ऊबेतून निघून वेशीजवळच्या दगडावर हजर होत. त्याच सुमारास त्याच रस्त्याने यामाहा जाई, येझदी जाई, रिक्षा जाई. मांजरे कान हलवीत नसत. गेल्या साली त्याने विजेवर चालणारी नवी स्कूटर घेतली. आता तो येऊन उभा राहिला तरी कोणास पत्ता नसतो. बायका उशिरा येतात, बांगडे उरतात, आणि मांजरांचा तर माणसांच्या प्रगतीवरील विश्वासच उडालेला दिसतो. अखेर त्याने रबरी फुग्याचा भोंगा बसविला. आवाज काढून टाकण्यासाठी पैसे मोजले आणि पुन्हा आवाज आणण्यासाठी वेगळे मोजले, असा त्या व्यवहाराचा ताळेबंद आहे.

याच्या उलट दुसरा पंथ. चांगल्या गाडीचा सायलेन्सर काढून तेथे पोकळ नळकांडे बसवावयाचे, आणि देवळापुढे, शाळेपुढे, विशेषतः मुलींच्या शाळेपुढे, त्यातून तोफांची सलामी द्यावयाची, हा छंद खेड-चिपळुणातील तरुणांतही शिरला आहे. अशी जप्त केलेली नळकांडी रांगेत मांडून पोलिसांनी त्यांवर रोडरोलर फिरविल्याची छायाचित्रे शहराशहरांतून प्रसिद्ध होतात, तेव्हा मी अहिंसेचा पुरस्कर्ता असूनही ती कात्रणे जपून ठेवतो. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, ही समजूत जर खरी असती तर शिमग्यातील ढोल हेच एक वाद्य पुरे झाले असते. आणि शिमग्यातसुद्धा पालखी नाचविताना ढोलवाला कोठे थोपवून धरतो आणि कोठे सोडतो, हे ज्याने नीट ऐकले आहे, त्याला या नळकांड्यांची कीव आल्यावाचून राहणार नाही.

पावसाळ्यात दोन्ही कुळे एकदमच अंथरूण धरतात. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो पडला नसेल तेव्हा पडण्याच्या विचारात असतो. पेटीचे लाकूड फुगते, पट्ट्या खाली दाबल्या की वर येत नाहीत, भात्याच्या घड्यांना बुरशीची पांढरी किनार चढते. आषाढात तिच्यातून निघणारा षड्ज हा पंचमाकडे जावे की नाही अशा द्विधा मनःस्थितीत असतो. फटफटीच्या पॉइंटवर पाणी गेले की तीही घाटाच्या मध्यावर उसासा टाकून थांबते. दोघींवर उपाय एकच, ऊब. पेटीच्या खणात कापराची पुडी आणि शेजारी रात्रभर जळता दिवा. आणि प्लग काढून पुसून चुलीच्या वैलावर. एकदा भाकऱ्या भाजून झाल्यावर ताटलीत आलेल्या वस्तूंत सर्वांत खरपूस जी वस्तू होती ती प्लग निघाली. त्या प्रसंगी घरात जी भाषणे झाली ती सभावृत्तांतातून वगळण्यात यावीत असा ठराव मी मांडला आणि मीच संमत केला.

नोंदणीच्या नूतनीकरणाचा प्रसंग मात्र माझ्या आवडीचा आहे. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची पुनर्नोंदणी करून पुढे दर पाच वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते, आणि तेव्हा पर्यावरण कर, विम्याचा कागद, धुराचा दाखला यांबरोबर चेसिसच्या आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसाही जोडावा लागतो. लहानपणी आपण नाण्यांचे ठसे काढीत असू, तेच काम साठी उलटल्यावर सरकार करावयास लावते याबद्दल मी सरकारचा ऋणी आहे. एका कचेरीतील तरुण लेखनिकाने माझे कागद उलटसुलट पाहून विचारले, "आजोबा, एवढ्या जुन्या गाडीचं काय करता?" मी म्हटले, "चालवतो." त्याला ते पटले नसावे, कारण त्याने शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे याविषयी बराच वेळ वरिष्ठांचा सल्ला घेतला. एम.एच. ०८ ही आमच्या जिल्ह्याची खूण पाटीवर कायम राहिली, एवढ्यावर मी समाधान मानले.

थंडीच्या दिवसांत या महामार्गाने गोव्याकडे जाणाऱ्या फटफटीस्वारांचे तांडे लोट्यावरून जातात. २०१३ साली वागातोरला इंडिया बाइक वीक प्रथम भरला तेव्हापासून ही वर्दळ विशेष वाढली. अंगात चिलखतासारखी जाकिटे, गुडघ्यांना ढाली, शिरस्त्राणावर कॅमेरा. घाटमाथ्यावर मिसळ खावयास उतरले की प्रथम वाटते, कोणी मोहिमेवर निघालेले शिलेदार आहेत, आणि शिरस्त्राण काढल्यावर आत पुण्याच्या संगणक कंपनीतील एखादा सालस मुलगा किंवा मुलगी निघते. मुले चांगली असतात. माझी गाडी पाहून भोवती जमतात, आदराने अँपिअरच्या काट्यास बोट लावतात, किक मारून पाहू का विचारतात. मी त्यांना राग वगळण्याची अट सांगतो, आणि पहिल्याच झटक्यात जिच्या हातून गाडी सुरू झाली ती एक सडपातळ मुलगी होती, तिच्यामागचे दोन धिप्पाड गृहस्थ नव्हेत, हे मी पारावर मुद्दाम सर्वांना सांगितले. ती म्हणाली, "काका, हिचा आवाज किती हळू आहे!" इतका मार्मिक अभिप्राय माझ्या गाडीला किंवा माझ्या पेटीला आजवर कोणी दिला नव्हता.

तेव्हा या रस्त्याने जुन्या बुलेटवरून जाणाऱ्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की घाट उतरताना गाडी गिअरातून काढू नये, आणि लोट्याच्या आसपास क्लचची वायर तुटलीच तर महामार्गावर उभे राहून नशिबाला दोष न देता कोणत्याही पानपट्टीवर फटफटीवाल्या काकांचे घर विचारावे. क्लचची वायर, पॉइंटचा जोड आणि एक बरा प्लग घरात नेहमी तयार असतो. दाम बाजारभावाने, चहा वेगळा. बटणाच्या गाड्यांतले मला काही कळत नाही, तो विषय घेऊन येऊ नये. गुरुवारी आलात आणि फिटरची पहिली पाळी असली तर मात्र दार बंद आढळेल; तेव्हा सरळ देवळात यावे, गजर संपेपर्यंत बसावे, आणि रिकामे बसवत नसेल तर खांबाशी झांजांचा एक जोड टांगलेला असतो तो घ्यावा.